बाबांनी लावलेली किंमत

माझे बाबा घोड्याची किंमत सांगायचे ती शंभर-दोनशेच्या वर चुकायची नाही. हे मी कौतुकानं सांगत नाही. कौतुक होतं एके काळी, पुष्कळ होतं. ते कुठं गेलं तेच सांगायला बसले आहे.

मुंबईतल्या एका घोडेस्वारीच्या क्लबात बाबा बावीस वर्षं सईस होते. दाणापाणी, खरारा, लीद काढणं, साहेबलोकांच्या पोरांना उचलून खोगिरावर बसवणं आणि पोरगं पडलं की शिव्या खाणं, असं ते काम. आठवड्याला एकदा अंजूरला घरी यायचे तेव्हा अंगाला घोड्याचा वास असायचा आणि आई दारातच पाण्याची बादली तयार ठेवायची. आम्ही बौद्धवाड्यातले. आजोबांनी गावकीची कामं सोडली, मेलेलं ढोर ओढणं सोडलं आणि पोराला बजावलं, कुणापुढं हात पसरायचा नाही, नोकरी करायची. बाबांनी नोकरी केली. जनावरांचीच केली, पण जिवंत जनावरांची, महिन्याच्या पगारावर. आमच्या घरात याचा अभिमान होता.

पगारापलीकडं बाबांचं एक खास काम होतं. क्लबातल्या कुणा साहेबाला पोरासाठी घोडा घ्यायचा झाला की तो बाबांना गाडीत घालून व्यापाऱ्याच्या तबेल्यावर न्यायचा. बाबा आधी काही बोलायचे नाहीत. घोड्याभोवती एक फेरी मारायची, तोंड उघडून दात बघायचे, चारही पायांवरून गुडघ्याखाली हात फिरवायचा, मग त्याला फरशीवर दुडक्या चालीनं चालवायला लावून डोळे मिटून टापा ऐकायच्या. त्यानंतर व्यापाऱ्याच्या तोंडावर एकेक खोड सांगायला सुरुवात. ह्याचा श्वास भरतो. ह्याला डाव्या अंगानं वळायला जड जातं. ह्याचे दात कानशीनं घासलेत, वय सांगताय त्याच्यापेक्षा तीन वर्षं जास्त. एकेक खोड निघाली की व्यापाऱ्याचा आकडा खाली यायचा, आणि शेवटी बाबा साहेबाला म्हणायचे, “इससे ऊपर मत जाना, साहब.” साहेब त्याच आकड्याला घोडा घ्यायचा आणि बाबांच्या खिशात बक्षीस पडायचं. व्यापारी बाबांना पाण्यात बघायचे. बाबा ते घरी येऊन मिशीवर हात फिरवत सांगायचे आणि आम्ही माना डोलवायचो.

मी पंधरा वर्षांची असताना एका नव्या घोड्यानं लाथ मारली आणि बाबांच्या गुडघ्याची वाटी फुटली. हाड बसलं, पण पाय लंगडा तो लंगडाच. क्लबानं तीन महिन्यांचा पगार दिला आणि मोकळं केलं. त्याच पावसाळ्यात उड्यांच्या स्पर्धेत उतरणाऱ्या एका लहान चणीच्या घोडीची पुढच्या डाव्या पायाची नस गेली. डॉक्टर म्हणाला, ही आता उडणार नाही, गोळी घाला. बाबांनी क्लबाच्या मोठ्या साहेबाला हात जोडले, मला द्या. साहेब म्हणाला, घेऊन जा. बावीस वर्षांच्या नोकरीतून बाबांनी घरी काय आणलं, तर स्वतःसारखीच एक लंगडी घोडी. वाड्यातल्या पोरांनी महिनाभर त्या दोघांची चाल करून दाखवली.

तिचं क्लबातलं इंग्रजी नाव आमच्या कुणाच्या जिभेला वळेना. बाबा तिला बाय म्हणायचे. रंगानं तपकिरी, खांदा माझ्या हनुवटीइतका उंच, स्वभावानं आमच्या आईसारखी, म्हणजे काम सांगितलं की करायचं आणि आवाज करायचा नाही.

बाबांनी तिचा पाय बरा केला. कसा केला ते मी डोळ्यांनी पाहिलंय म्हणून सांगते. खाडीवर होड्या लागायच्या तिथं दगडी उतार होता. भरतीच्या वेळी तिला तिथं न्यायची, गुडघाभर खाऱ्या पाण्यात अर्धा तास उभी करायची. रोज, पाऊस असो की ऊन. घरी आल्यावर पाय कोरडा करून हळद-तुरटीचा लेप आणि वर माझ्या जुन्या ओढणीच्या पट्ट्या. पहिले चार महिने नुसती उभी. मग बांधाबांधानं चालवणं. मग भाताची कापणी झालेल्या कोरड्या शेतात दुडकी चाल. मी तेव्हा दहावीला गणितात गेलेली, घरीच होते. बाबांना तर रिकिबीत पाय टाकता येत नव्हता, तेव्हा वर बसायला मीच. सुरुवातीला पोतं टाकून, पुढं एक फाटकं खोगीर मिळालं ते शिवून.

वर्ष झालं आणि एके दिवशी तिनं आपणहून बांध उडी मारून ओलांडला. मला वर घेऊन. मी मानेला मिठी मारून ओरडत होते आणि बाबा शेताच्या कडेला उभे राहून रडत होते. त्यांना रडताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

तिथून आमचं शिकणं सुरू झालं. आई यंत्रमागाच्या कारखान्यात कामाला होती, तिथून ती सुताच्या कोनांची रिकामी खोकी आणायची, त्यांच्यावर आडवा बांबू टाकून आम्ही उड्या मांडायचो. आधी एक खोकं, मग दोन, मग तीन. बाबा लंगडत लंगडत बांबू लावायचे आणि मला शिव्या द्यायचे. “तोंड नको खेचूस तिचं! तिला ठाव हाय कवा उडायचं. तुला ठाव न्हाय.” हे खरंच होतं. ती घोडी मला उडवायची, मी तिला नाही. माझा तोल गेला की ती उडी मारायच्या आधी क्षणभर थांबून मला सावरून घ्यायची.

मुंबईत ज्या मैदानावर क्लबाच्या स्पर्धा व्हायच्या, तिथं लहान घोड्यांसाठी एक खुली स्पर्धा असायची. फी भरली की कुणीही उतरावं. आमच्याकडून तबेल्यांना गवत घेऊन जाणारे ट्रक असत, त्यातल्या एका ड्रायव्हरला बाबांनी गाठलं आणि गवताच्या भाऱ्यांमागं जागा करून बायला नेलं. बाबांच्या जुन्या सोबत्यानं माझ्यासाठी कुणाचे तरी बूट आणि टोपी आणली. बूट दोन नंबर मोठे होते, पुढं कापूस कोंबला. पहिल्या खेपेला आम्ही एक बांबू पाडला आणि तिसरे आलो. सहा महिन्यांनी एकही न पाडता पहिले. साहेबलोकांच्या पोरींच्या रांगेत मी उभी राहिले आणि माझ्या घोडीच्या लगामाला रेशमी फीत लागली. मोठा साहेब येऊन बायकडं बघत राहिला. मग बाबांना म्हणाला, “यह तो वही है!” त्याची मुलगी अकरा वर्षांची होती आणि तिला स्पर्धेसाठी तयार घोडा हवा होता. पुढच्या रविवारी मी अंजूरला येतो, म्हणाला.

बायला विकायचं हे ऐकून मी दोन दिवस जेवले नाही, पण विकायचं का ते मलाही कळत होतं. आई कारखान्यात मागाच्या कांड्यांवर सूत भरायच्या कामावर होती. बारा तासांची शिफ्ट, आणि खोलीत इतकी रुई उडायची की घरी यायची तेव्हा तिच्या भुवया पांढऱ्या असायच्या. दोन वर्षांपासून खोकला. दवाखान्यात सांगितलं होतं, हे काम सोडा, दुसरं औषध नाही. आईला शिलाई चांगली येत होती. शहरात धामणकर नाक्याजवळ एका बोळात एक लहान गाळा पागडीनं मिळत होता, पस्तीस हजारांत. वर मशीनचे आणि किरकोळ धरून चाळीस. चाळीस आले तर आई त्या रुईतून बाहेर पडणार होती. दुसरा कुठला रस्ता आमच्याकडं नव्हता.

शनिवारी संध्याकाळी बाबा आणि मी अंगणात किंमत काढायला बसलो. त्या वेळचे बाबा मला अजून आवडतात. कॅलेंडरचं पान उलटं केलं, मी लिहीत होते, ते सांगत होते. वय नऊ, म्हणजे अजून सहा-सात वर्षं उडेल. तोंड मऊ. ट्रकात चढते, गर्दीला बुजत नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पोराला सांभाळून उडते. “उडणारे लय असत्यात. पोराला सांबाळून उडणारा घोडा बापाला झोप देतो, त्याची किंमत येगळी.” असा घोडा व्यापारी साठाला विकेल, म्हणाले. मग त्यातून पायाचे पंधरा काढले, कारण नस गेलेली होती ते लपवायचं नाही. कारकीर्द दोनच स्पर्धांची म्हणून आणखी पाच काढले. राहिले चाळीस. मी दोनदा बेरीज-वजाबाकी तपासली.

“ह्ये रास्त झालं,” बाबा म्हणाले. “पंचेचाळीस बोलायचं. चाळीसच्या खाली यायचं न्हाय.”

“नक्की ना?”

“बावीस वरसं काय गवत उपटलं मी?”

आई चुलीपाशी बसून ऐकत होती. तिनं त्या दिवशी भाकरीबरोबर सुकट भाजली होती आणि मला हाक मारून माझ्या ताटात जास्त वाढली.

रविवारी सकाळी साहेब आला. पांढरी गाडी, ड्रायव्हर, पुढं बसलेली मुलगी. शेजाऱ्यांकडून खुर्ची आणली होती, तिच्यावर तो बसला, आमच्या कपातून चहा प्याला, आईला नमस्कार केला. साहेब वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर मला शिव्या द्यायला बरं पडलं असतं. मी बायला सहा उड्यांवरून नेऊन आणली. मग मुलगी बसली. पहिल्या उडीला ती घाबरून पुढं कलंडली आणि बायनं तिला नेहमीसारखं सावरून घेतलं. साहेब खुर्चीतून उठला तो बसलाच नाही. मला वाटलं, काम झालं. हा आता पन्नास म्हटलं तरी देईल.

मग साहेब बाबांकडं वळला. त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, “चल, देख के बता. क्या दाम होना चाहिए? सच बोलना, जैसे हमेशा बोलता है.”

बाबा पुढं झाले आणि घोडीभोवती फेरी मारायला लागले.

मला आधी कळलंच नाही काय चाललंय. लगाम माझ्या हातात होता. बाबांनी तिचं तोंड उघडलं, जणू आयुष्यात पहिल्यांदाच बघत होते. गुडघ्याखाली हात फिरवला. मला म्हणाले, चालव. मी चालवली. ते डोळे मिटून उभे राहिले. आणि मग त्यांचा तो आवाज सुरू झाला, जो मी फक्त त्यांच्या गोष्टींत ऐकला होता. “नौ पूरे हो गए साहब, दसवाँ चालू है. आगे का बायाँ पाँव, नस पुरानी टूटी है, आपको मालूम है. सख्त जमीन पे फिर जा सकती है. दाहिने को अच्छा मुड़ती है, बाएँ को थोड़ा भारी. दो ही मुकाबले किए हैं, दो से कुछ पता नहीं चलता.”

साहेब मान डोलवत होता. बाबांची पाठ ताठ झाली होती. लंगडतसुद्धा नव्हते, किंवा मला तसं वाटलं. एकेक खोड त्यांच्या तोंडून सुटत होती आणि जिच्या पायाला त्यांनी चार महिने लेप लावला ती घोडी त्यांच्या खांद्याला नाक घासत होती. पोराला सांभाळून उडते हे मात्र ते बोलले नाहीत. ते का बोलतील? घेणाऱ्याच्या बाजूला गेलेला माणूस विकणाऱ्याच्या मालाचा गुण कशाला सांगेल! शेवटी ते साहेबाच्या जवळ सरकले, आवाज खाली आणला, जणू व्यापारी ऐकेल, आणि म्हणाले, “पंद्रह के ऊपर मत जाना, साहब.”

“चाळीस!” मी ओरडले. “बाबा, चाळीस ठरलंय आपलं!”

साहेब हसला. “बेटी को घोड़ी से प्यार हो गया है.”

आणि बाबा माझ्यावर खेकसले, त्याच्यासमोर. “गप बस. तुला काय समजतंय यातलं?”

साहेबानं तिथंच पंधरा हजार मोजून दिले. वर पाचशेची एक वेगळी नोट काढली, बाबांच्या हातात ठेवली आणि म्हणाला, तुझ्यासारखा खरा माणूस मिळत नाही. बाबांनी सलाम केला. दोन्ही टाचा जुळवून.

गाडी गेल्यावर आई बाहेर आली. तिनं पैसे बघितले, बाबांकडं बघितलं आणि विचारलं, “आनि गाळ्याचं?” तेव्हा त्यांना कळलं, मला वाटतं. चेहरा तसा झाला, जसा बाजारात पिशवी विसरून घरी आलेल्या माणसाचा होतो. पण कळून काय उपयोग, वरातीमागून घोडं. आई आत गेली. दुसऱ्या दिवशी तिची सकाळची शिफ्ट होती, ती गेली.

मी बाबांशी भांडले. एक दिवस नाही, पुष्कळ दिवस. ते एकच बोलायचे, खोट होती जनावरात, खोट लपवून विकायचं काय? मी ते कॅलेंडरचं पान त्यांच्यासमोर आपटलं. पायाचे पंधरा आपण आधीच काढले होते ना? तुम्ही स्वतः काढले होते ना? मग खोट दोनदा कशी कापली? लोक मला सांगत, तुझा बाप देवमाणूस, कुणाला फसवलं नाही. मला अशा वेळी लोकांचं तोंड धरावंसं वाटायचं. देवमाणूस परक्याला फसवत नाही हे ठीक, पण घरच्या बाईला फसवलं त्याचं काय? आपलेच दात आणि आपलेच ओठ, म्हणून चारचौघांत मी काही बोलले नाही. त्या पंधरा हजारांत पत्रे बदलले, उरले ते आईच्या औषधांत गेले. गाळा कुणी झेरॉक्सवाल्यानं घेतला. मी नाक्यावरून जाताना त्या बोळात बघायचं टाळायचे.

आणि मी काय वेगळी निघाले? पुढं मी एका कारखान्यात कापड मोजायच्या कामाला लागले. एकदा शेटनं मला एक्सपोर्टच्या मालावर घेतलं आणि विचारलं, काय पगार वाढवू तुझा, तूच सांग. माझ्या तोंडून निघालं, तुम्हाला योग्य वाटेल तो. घरी येऊन मी स्वतःच्या थोबाडीत मारून घेतली, खरोखर मारली. बाबांवरचा राग त्यानं कमी झाला असं नाही. वाढला.

बायला विकून दीड वर्ष झालं असेल. साहेबाचा निरोप आला. मुलगी परदेशी शाळेत चालली होती, घोडी विकायची होती, पुण्याहून कुणी बघायला येणार होतं. आपला माणूस म्हणून बाबांनी समोर उभं राहावं, असं साहेबाचं म्हणणं. मी म्हटलं, जाऊ नका. आईला तेव्हा एका दमात दोन वाक्यं बोलणं जमत नव्हतं. बाबांनी सकाळी अंघोळ केली, पांढरा सदरा घातला आणि गेले.

परत आले ते दिवस मावळायच्या आत. हातात जिलेबीचा पुडा. आई दुपारच्या शिफ्टला गेली होती, घरात मी एकटीच. बाबा उंबऱ्यात बसले आणि सांगायला लागले, पूर्वी सांगायचे तसे, मिशीवर हात फिरवत. पुण्याच्या माणसानं पाय दाबून बघितला आणि विचारलं, ही नस गेलेली का? “मी बोललो, गेली हुती, लपवायचं काय न्हाय. पन ती मी जोडलीय, खाडीच्या पान्यात. ह्यो पाय आता दुसऱ्या तीन पायांपेक्षा भारी हाय. आनि ती पोराला सांबाळून उडते साहेब, म्हनलं. तुमची पोरगी वर बसंल तवा तुम्ही निवांत चा प्या. असं जनावर शोधून मिळणार न्हाय. अठ्ठेचाळीसच्या खाली बोलू नका.”

“मग?”

“अठ्ठेचाळीसलाच गेली. एक पैसा कमी न्हाय.”

त्यांनी पुडा माझ्या पुढं सरकवला. डोळे चमकत होते. बायनं त्यांना लगेच ओळखलं, म्हणाले, सदऱ्याचा खिसा चावला. मग त्यांनी विचारलं, “किंमत बरोबर लावली ना मी?”

“बरोबर लावलीत,” मी म्हटलं.